डोळ्यांच्या वॉर्डातली गांधारी

टीव्हीवर गांधारी आली की मी आवाज बंद करते आणि तिची पट्टी बघत बसते. बाकीच्यांना तिचं पातिव्रत्य दिसतं. मला दिसतं ते असं: पट्टी रेशमी आहे, म्हणजे घसरणार. गाठ डोक्याच्या मागं मधोमध मारलीय, म्हणजे उशीवर टेकली की रुतणार. खाली कापसाची गादी नाही, म्हणजे पापण्या चोळल्या जाणार आणि डोळे चिकटणार. आणि बाईच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. हस्तिनापुरात उन्हाळा नव्हता वाटतं.

हे सगळं मी मोठ्यानं बोलते. सिडकोतल्या या घरात ऐकायला कोणी नाही, म्हणून थांबवायलाही कोणी नाही. आमचे हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला. नात आहे, ती फोनवर आहे. तिला एकदा गांधारीच्या गाठीबद्दल सविस्तर सांगायला लागले तर म्हणाली, "आजी, मला मीटिंग आहे. तू हे लिहून एखाद्या दिवाळी अंकाला का नाही पाठवत?" तेव्हा वाचकहो, तिनं टाळलं ते आता तुमच्या गळ्यात आलंय.

नोकरी मी केली ती सरकारी दवाखान्यात, परिचारिका म्हणून. आणि त्यातली माझी पहिली वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात गेली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आता संभाजीनगर झालंय, मोतीबिंदूही बदललाय. हल्ली सकाळी जायचं, थेंब टाकून घ्यायचे, डोळ्यात नवं भिंग बसवून जेवायला घरी यायचं. आमच्या वेळी डोळ्यातलं पिकलेलं भिंग काढून टाकायचे आणि त्या जागी काही बसवायचे नाहीत. वर टाके. मग रोग्याचे दोन्ही डोळे बांधायचे. एकच बांधला तर दुसरा इकडंतिकडं फिरतो आणि त्याच्याबरोबर बांधलेलाही फिरतो. उताणं झोपायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, तंबाखू नाही, तपकीर नाही, शौचाला जोर करायचा नाही. रडायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही. हसताना पोट हलतं, पोटाबरोबर डोळ्यावर ताण येतो, टाका उसवला तर डोळा गेला. डॉक्टर रोज सकाळी पट्टी उचलून बॅटरीचा झोत मारायचे, औषध घालायचे आणि पुन्हा बांधायला सांगायचे. रोग्याला त्या झोतापलीकडं काही दिसायचं नाही.

आता अशा वॉर्डात बावीस वर्षांची मी. कडक इस्त्रीची टोपी. ती तशी उभी राहावी म्हणून मी तांदळाच्या पेजेत बुडवून वाळवायची. केसांची एक बट कानावर मुद्दाम सोडलेली. मला आरशापुढून हलवायला रोज कोणालातरी हाक मारावी लागे. आणि एवढं सगळं नटून जायचं कुठं, तर जिथं रांगेनं सगळ्यांचे डोळे बांधलेले आहेत तिथं! हा विनोद माझ्या लक्षात यायला मला फार काळ लागला. रोगी मला चपलेच्या आवाजावरून ओळखायचे. एक म्हातारा तर म्हणायचा, "जाडी सिस्टर आली का?" मी तेव्हा काठीसारखी होते. चपला मोठ्या होत्या, दुसरं काय.

घरचं म्हणाल तर वडील गल्लीतल्या देवळात पुराण सांगायचे. ते गेले आणि घरात कमावणारं कोणी उरलं नाही, म्हणून मी नर्सिंगला गेले. पुराणिकाची मुलगी परक्या माणसांची शौचाची भांडी उचलते, हे आमच्या लोकांना झेपलं नाही. सुट्टीत घरी गेले की काकू माझ्यासाठी वेगळी कपबशी काढायची. मग मी सुट्टीत जायचंच कमी केलं. होस्टेलच्या खोलीत संध्याकाळी बसून काय करणार? ड्यूटी संपली तरी मी वॉर्डातच रेंगाळायची. सगळ्यांना वाटे, काय कर्तव्यदक्ष मुलगी आहे. जायला दुसरी जागा नव्हती, एवढंच.

रोग्यांना स्वस्थ ठेवायला गोष्टी सांगाव्यात ही कल्पना माझीच. मेट्रनबाईंनी परवानगी देताना बजावलं, "हसवायचं नाही. रडवायचं नाही. एक टाका सैल झाला तर तुला सैल करीन."

हसवायचं नाही, रडवायचं नाही, अशी गोष्ट महाभारतात शोधायची! पण मला वडिलांचं सगळं पाठ होतं आणि स्वतःच्या अकलेवर माझा भारी विश्वास. मी निवडली गांधारी. म्हटलं, ह्या बिचाऱ्यांना वाटेल, आपल्यासारखीच पट्टी एका राणीनंही बांधली होती. मान वाटेल. तर एका संध्याकाळी दिवे लागल्यावर वॉर्डाच्या मधोमध स्टूल घेऊन बसले आणि वडिलांच्या आवाजात सुरू झाले. गांधारदेशाची राजकन्या, तिचं लग्न ठरलं आंधळ्या धृतराष्ट्राशी, आणि पतीला जे दिसत नाही ते मलाही नको, म्हणून तिनं आपल्या हातांनी डोळे बांधून घेतले. 'अहाहा, काय तो त्याग!' असं मी खरंच म्हणाले. आठवलं की अजून कानाची पाळी गरम होते.

कोपऱ्यातल्या खाटेवर कडूबा होता. फुलंब्रीच्या पलीकडल्या गावचा, उतारवयाचा शेतकरी. त्याचा एक डोळा गावोगाव फिरणाऱ्या कोण्या सुईवाल्यानं मोतीबिंदू काढतो म्हणून आधीच घालवला होता. उरलेल्या एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. म्हणजे हा उघडला तर जग, नाही उघडला तर कायमचा अंधार. त्याच्या खाटेखाली चटईवर त्याची बायको गयाबाई राहायची. मूलबाळ नाही. दोघंच एकमेकांचे. त्याला भरवणं, पाणी पाजणं, भांडं देणं, सगळं ती करायची आणि सगळं करताना दोघं कुजबुजत भांडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर आले तर रजियाबी दारातच उभी. रजियाबी आमच्या वॉर्डातली आया, माझ्याहून वयानं दुप्पट आणि अनुभवानं दहापट.

"क्या सिस्टर, क्या किस्सा सुना दिये तुम रात कू? जाओ, देखो अपनी रानी कू."

गयाबाई चटईवर ताठ बसली होती. लुगड्याचा फाडलेला काठ डोळ्यांवर करकचून बांधलेला. ओठांवर बोट.

"बोलू नका," ती माझ्या चपलेच्या दिशेनं पुटपुटली. "ह्यांला कळू द्यायचं न्हाई."

मी तिला हाताला धरून व्हरांड्यात आणलं. म्हटलं, "बाई, हे काय?"

"नवस. गावच्या देवीला बोलले. माझे बांधून ठिवते, त्याचा उघड. तुमच्या राणीनं न्हाई का केला?"

"अहो, तो नवस नव्हता! तो त्याग होता."

"कामून? फुकट बांधले का तिनं?"

वडिलांनी यावर काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही पट्टी सोडा. त्यांना भरवणार कोण? ते उठून बसले, धडपडले तर डोळा जाईल."

"नवस सोडला तर जाईल," ती म्हणाली. "आता काय बी करा, घरी जाऊन देवीपुढंच सुटन ही."

मेट्रनबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी गयाबाईला बघितलं, मग मला, मग माझी टोपी. "वॉर्डात सोबतीला धडधाकट माणूस लागतं. हिला आजच्या आज घरी पाठव."

"बाई, तिला पाठवलं तर कडूबा एक क्षण खाटेवर राहणार नाही. उठून शोधायला जाईल."

त्यांनी विचार केला. एकुलत्या एका डोळ्याची जबाबदारी त्यांनाही घ्यायची नव्हती. "मग दोघांचं तू कर. आणि यापुढं गोष्टीत कोणी काही बांधणार नाही, सोडणार नाही."

तेव्हापासून माझे दिवस असे सुरू झाले की हसू यावं. आणि हसायला तर बंदी. कडूबानं "पाणी" म्हटलं की गयाबाई हात पुढं करायची, मी तिच्या हातात पेला द्यायची, तिचा हात धरून त्याच्या ओठांपर्यंत न्यायची. आवाज फक्त तिचा. त्याला वाटे, बायकोच देतेय. तिचा नेम चुकायचा, पाणी त्याच्या गळ्यात जायचं.

"काय करू राह्यली तू? म्हतारी झाली का एका रातीत?"

"गप पडा. डोकं हलवू नका म्हन्लंय सिस्टरनं."

"पह्यले असं न्हाई सांडत व्हती."

"पह्यले तुमी असं तोंड वासून पडत न्हवते."

वॉर्डातल्या बाकीच्यांचेही डोळे बांधलेलेच, त्यामुळं हे नाटक बघणाऱ्या आम्ही दोघीच: मी आणि रजियाबी. रजियाबी तोंडात पदर कोंबून बाहेर पळायची. मला पळता येत नव्हतं. माझा एक हात गयाबाईच्या मनगटावर, त्याच्या पलीकडं कडूबाची हनुवटी. दोन माणसांच्या मधोमध मी वाकलेली आणि दोघांनाही मी तिथं नव्हतेच. तिला माझा हात कळायचा, पण बोलणं सगळं त्याच्याशी. मी भाकरी कुस्करून तिच्या बोटांत द्यायची, ती त्याला भरवायची, तो म्हणायचा, "आज लई बारीक कुस्करली तू." मग होस्टेलच्या मेसमध्ये मी एकटी जेवायला बसले की ते वाक्य मला आठवायचं. भाकरी मी कुस्करली होती. कौतुक माझं होतं, पण मला कोणी म्हटलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवर ताट बाजूला सारावं, इतकी मी तेव्हा मूर्ख होते. अजूनही फार सुधारले नाही.

एकदा गयाबाई एकटीच भिंतीला धरून मोरीपर्यंत जाऊन आली. मी पकडलं. "खालून दिसतंय तुम्हाला!"

"निस्ते आंगठे दिसतेत," ती शांतपणे म्हणाली. "देवीला तेवढं चालतंय."

ही पट्टीची गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. कितीही घट्ट बांधा, नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि तिथून स्वतःच्या पायाजवळचं दिसतं. आमचे निम्मे रोगी पहिल्या दिवसापासून तिथून बघायला धडपडायचे. म्हणून आम्ही तिथं जास्तीचा कापूस कोंबायचो. महाभारतातही युद्ध संपल्यावर गांधारीपुढं युधिष्ठिर वाकतो तेव्हा तिची नजर पट्टीखालून त्याच्या पायाच्या बोटांवर पडते आणि नखं काळी पडतात. लोक याला तपाचं तेज म्हणतात. मी म्हणते, ज्यानं हे रचलं त्यानं कधीतरी स्वतः पट्टी बांधून घेतली असणार.

गयाबाईला परावृत्त करायला मी शेवटी गोष्टीचंच शस्त्र काढलं. व्हरांड्यात बसवून पुढचं सांगितलं. पट्टी बांधून राहिली म्हणून मुलांकडं लक्ष राहिलं नाही, शंभरच्या शंभर बिघडली आणि मेली. म्हटलं, आता तरी सोडेल.

"आमाला लेकरूच न्हाई, बाई," ती म्हणाली. "आमचं काय जातंय?"

खाली आवारात लिंबाच्या झाडाखाली खेड्यापाड्यांतून आलेले लोक चुली पेटवत होते. धूर वर येत होता. तिनं धुराचा वास घेतला आणि विचारलं, "मग आले का?"

"काय?"

"राजाचे डोळे. आले का शेवटी?"

कडूबाची पट्टी दुसऱ्या दिवशी कायमची सुटायची होती. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नव्हतं; त्यांचा चेहरा सगळ्या डोळ्यांना सारखाच असायचा. खोटं सांगावं असं फार वाटलं. पण पुराणिकाच्या मुलीला गोष्टीत खोटं घालता येत नाही; काकूनं कपबशी वेगळी केली तरी हा दोष गेला नव्हता. मी म्हटलं, "आले. एकाच रात्रीसाठी. म्हातारपणी ते वनात गेले होते. व्यासांनी गंगेतून मेलेली मुलं वर आणून दाखवली आणि तेवढ्यापुरती राजाला दृष्टी दिली."

तिनं डोक्यामागची गाठ चाचपून पुन्हा घट्ट केली.

"आन् काय पाह्यलं त्यानं?"

"मुलं. आपली मुलं पाहिली."

"तिला न्हाई पाह्यलं?"

"कोणाला?"

"आवो, बायकोला! जिनं जलमभर बांधून ठिवले तिला. ती बाजूलाच व्हती ना उभी?"

वडिलांच्या तोंडून तो प्रसंग मी कितीदा ऐकला होता. दिव्यांनी उजळलेली गंगा, पाण्यातून वर येणारे वीर, सगळं. राजानं वळून शेजारी बघितलं का, हे वडिलांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मी म्हटलं, "तसं काही सांगितलेलं नाही."

"मंग कशाचे आले डोळे," गयाबाई म्हणाली आणि भिंत चाचपत आत गेली.

त्या रात्री होस्टेलवर मला झोप आली नाही, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण मी झोपले. तरुणपणी झोप कशानंही येते. सकाळी टोपीला पेज लावायची तेवढी राहिली.

पट्टी सोडायच्या दिवशी पद्धत अशी: डॉक्टर पट्टी काढायचे, डोळा कोमट पाण्याच्या कापसानं पुसायचे आणि बोटं धरून "किती?" म्हणून विचारायचे. डोळ्यातलं भिंग काढलेलं, त्यामुळं समोरचं सगळं धुरकट. जाड भिंगाचा चष्मा मिळायचा तो पुढं, टाके जिरल्यावर. पण पेटीत तपासणीची सुटी भिंगं असायची. त्यातलं दहा नंबरचं उचलून डोळ्यासमोर धरलं की धुरकटातून माणसं वर यायची. ते धरायचं काम माझं. आजही कोणी मला विचारलं की नोकरीत काय कमावलं, तर मला ते भिंग धरणं आठवतं.

गयाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी. रजियाबीनं तिला खांद्याला धरलेलं. डॉक्टरांनी पट्टी काढली, पुसलं, दोन बोटं धरली.

"किती?"

गयाबाईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"कडूबा, किती दिसतात?"

"दिसतेत," तो म्हणाला. "दोन हायेत. पन कापसावानी."

गयाबाई चाचपत खाटेच्या कडेवर बसली. मी पेटीतलं भिंग काढून त्याच्या डोळ्यापुढं धरलं. त्यानं आधी डॉक्टर बघितले, मग खिडकी. मग डोकं न हलवता नजर खाली आणली आणि बायको बघितली.

तो एकदम ताठ झाला. "हिच्या डोळ्याला काय केलं? ये, काय केलं तुमी हिला? डोळे कामून बांधले हिचे?"

"हलू नका!" डॉक्टर ओरडले. माझ्या हातातलं भिंग हललं, आणि त्याच्यापुढून बायको पुन्हा धुरकट झाली असावी, कारण तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "गेली, गेली. धरा ते, बाई, नीट धरा."

मी नीट धरलं.

"काय बी न्हाई झालं मला," गयाबाई पायथ्याकडून म्हणाली. "नवस हाये. डोळे चांगले हायेत माझे. राणीवानी बांधलेत."

"कोन्ती राणी?"

"ह्या सिस्टरच्या वळखीची हाये एक."

मग त्याला सगळं कळलं: सांडलेलं पाणी, चुकलेले घास. त्याचे गाल हलायला लागले. मी घाबरून म्हटलं, "हसू नका हं, टाके आहेत!" तो ओठ आवळून पडून राहिला, पोट थरथरत होतं. डॉक्टर पाठ करून खिडकीशी गेले. त्यांचेही खांदे हलत होते. मेट्रनबाई तेवढ्या शांत उभ्या होत्या, पण मला घरी पाठवण्याची भाषा त्यांनी केली नाही.

हसू आवरल्यावर कडूबा म्हणाला, "सोड की ती. पाहू दे ना मला तुझं तोंड. किती सालं झाली."

"देवीपुढं."

"आगं, निस्तं पाह्यचंय."

"पाहा की मंग. तोंड तर उघडंच हाये."

आणि त्यानं पाहिलं. कपाळ, कुंकू, पट्टी, नाकातली फुली, पडलेले दात. घाईनं नाही, बाजारात बैल बघतात तसं सगळीकडून. ती बसल्या जागी पदर सारखा करत राहिली, लग्नात बसतात तशी मान खाली घालून. माझा हात दुखायला लागला होता. कोणी थांब म्हणालं नाही, म्हणून मी धरून राहिले. त्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर मी होते. भिंगाच्या अलीकडं. त्यानं मला पाहिलं नाही. पाहायचं काही कारणही नव्हतं.

पुढं माझं लग्न झालं. यांची नोकरी बदलीची, नांदेड, लातूर. शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. भला माणूस होता. कधी आवाज चढवला नाही, कधी चपलेच्या आवाजावरून ओळखलंही नाही. मी पुढं बाळंतपणाच्या वॉर्डात गेले, शेवटी स्वतः मेट्रन झाले आणि मुलींना टोपीवरून बोलू लागले. गांधारी पुन्हा कोणाला सांगितली नाही. राजा-राणीनं एकमेकांकडं पाहिलं का, या प्रश्नाशी येऊन मी थांबायची.

ती दोघं गेली तो दिवस मात्र सांगून टाकते. टाके काढून सुट्टी मिळाली. गयाबाईची पट्टी तशीच. येताना तिनं त्याला काठीनं धरून आणलं होतं. जाताना काठी कडूबानं बगलेत मारली आणि हात तिचा धरला. त्याला धुरकट दिसत होतं, तिला स्वतःचे अंगठे. रजियाबी टांगा बघायला पुढं पळाली. "सिस्टर, ये दोनो पहुंचेंगे क्या?" असं जाता जाता माझ्याकडं बघून म्हणाली.

गयाबाई दाराशी थांबली. "येते हो सिस्टर," असं म्हणून तिनं हात जोडले, माझ्याऐवजी शेजारच्या खांबाला. मी खांबाशेजारी उभी राहिले.

व्हरांडा लांब होता. दोघं एकमेकांना सांभाळत, मधेच भांडत निघाली. त्या सकाळी टाके काढल्यावर त्याच्या डोळ्यापुढं पुन्हा धरलेलं भिंग अजून माझ्या हातातच होतं, पेटीत ठेवायचं राहून गेलेलं. मी ते स्वतःच्या डोळ्यापुढं धरलं. धड डोळ्याला त्यातून काही दिसत नाही, सगळं विरघळतं. व्हरांड्याच्या टोकाला उजेडात एक मोठा ठिपका हलत होता. त्यात कोण कोणाला धरून चाललंय, ते काही ओळखू येईना.